कुंकवाखालची लक्ष्मी

घट बसायला आठवडा उरला की मी भिंतीवरचे देव खाली उतरवते. कॉटवर जुनी चादर अंथरायची, तिच्यावर दत्त, विठोबा, सरस्वती आणि सासऱ्यांनी आणलेलं रामपंचायतन मांडायचं आणि ओल्या फडक्याने एकेक काच पुसायची. भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन उमटलेले असतात. बोईसरची हवा अशी की चांदीचा करंडा महिन्याभरात काळा पडतो, तिथे भिंत काय टिकाव धरणार? पण त्या चौकोनांमध्ये घर नवीन असतानाचा रंग जसाच्या तसा असतो. इतकी वर्षं देवांनी तो पाठीशी घालून सांभाळलेला असतो. मी दरवर्षी त्या रंगाकडे बघते आणि दरवर्षी ठरवते की यंदा भिंती रंगवायच्याच. मग दिवाळी येते आणि जाते.

यंदाही देव उतरवले. चारच्या सुमारास वारा फिरला आणि बेटेगावच्या बाजूने कापलेल्या भाताचा वास खिडकीतून आत आला. तो वास फार वेळ राहत नाही. थोड्याच वेळात कंपन्यांचा वास येऊन त्याला बाजूला सारतो. पण तेवढ्यात कळतं की लवकर पिकणारं हळवं भात कापायला लागले. माझा हात काचेवरच थांबला. या वासाला तो थांबतोच. कारण आठ-नऊ वर्षांपूर्वी असाच वास सुटलेला असताना, भर नवरात्रात, मी एका देवीचा चेहरा नखाने खरवडला होता.

हे असं एकदम सांगितलं की माणसं दचकतात. म्हणून थोडं मागे जाते.

मला देवांची चित्रं बघायचा नाद लहानपणापासूनचा. माहेर विट्याजवळच्या खेड्यातलं. घरात चित्रं म्हणजे कॅलेंडरं, दुकानदारांनी फुकट दिलेली. वर्ष संपलं की तारखांचा कागद फाडायचा आणि वरचा देव भिंतीवर ठेवायचा. त्यामुळे आमच्या माजघरात देवांची नुसती दाटी. वडील आंघोळ करून आले की सगळ्यांना एकदम नमस्कार करून मोकळे होत. मी मात्र एकेकापुढे रेंगाळायची. विष्णूच्या पायाशी बसलेल्या लक्ष्मीचे हात दुखत नसतील का, शंकराच्या गळ्यातला नाग कुठे बघतोय, असले उद्योग. एकदा सरस्वतीची वीणेवरची बोटं मोजली तर सहा भरली. मी ते चारचौघांत सांगितलं आणि आत्याने पाठीत धपाटा घातला. वडील म्हणाले, "पाया पड आणि बाजूला हो. देवाकडं असं टक लावून बघायचं नसतं."

पण सहा बोटं होती. आजही छातीठोकपणे सांगेन.

लग्न होऊन बोईसरला आले. यजमान कंपनीत, पाळीची नोकरी. मुलगी मोठी झाली, शाळा आणि क्लास यांत बुडाली आणि माझ्या दुपारी मोकळ्या पडल्या. एकदा हेच रामपंचायतन घेऊन बाजारामागच्या गल्लीत फ्रेमच्या दुकानात गेले. काच तडकली होती. दुकान अनंतदादांचं. दादा माकुणसारचे. गावाकडे थोडी भातशेती, इथे दहा फूट लांबीचं दुकान. भिंतभर देव टांगलेले. माझं काम पाच मिनिटांत झालं तरी मी आपली उभीच. कुठल्या तरी जुन्या चित्रातला राम होडीतून नदी पार करत होता आणि त्याच्या टाचा भेगाळलेल्या होत्या. देवांचे पाय नेहमी लोण्यासारखे रंगवतात. या चित्रकाराला मात्र आठवण राहिली होती की हा माणूस रानावनातून चालत आलाय. मी टाचा बघत राहिले. दादांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. नायतरी तुमी अर्धा तास उभ्याच हाव."

तशी मी तिथे बसले ती बसलेच. दोनच आठवड्यांत दादांनी विचारलं, दुपारी दुकान सांभाळाल का? भातकापणीला त्यांना गावी जावं लागे, आणि नेमकी तेव्हाच दुकानात गर्दी. घरोघर साफसफाई निघाली की माणसांना आपले देव दिसतात. एरवी ते भिंतीवर असतात, पण दिसत नाहीत.

दादांची काम करायची एक पद्धत होती. चित्र घेतलं की आधी पालथं घालायचे. त्याला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि मगच मागच्या चुका, ते बारीक खिळे, उपटायचे. जुन्या फ्रेममधून जे निघेल, गंजक्या चुका, वाळवीचा भुसा, काचेचे तुकडे, दोरी, कधी काळी अडकलेली झेंडूची पाकळी, ते सगळं वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचे. नव्या फ्रेमबरोबर जुन्याची पुडी. लोक हसत. कोणी पुडी काउंटरवरच विसरून गेलं तर दादा गल्लीच्या तोंडापर्यंत पळत जाऊन हातात देत. मला म्हणाले होते, "देवाचं काय बी आपण फेकायचं नाय. ज्याचं त्याला. तो समुद्रात टाकू दे नायतर झाडाखाली ठेवू दे." आणि दुसरं म्हणाले होते, "तोंडाला हात लावायचा नाय. काच पुसा, कडा पुसा. तोंड नाय."

पहिलं मी पाळलं. दुसऱ्याचं सांगतेच आता.

तो पंधरवडा मला अजून लख्ख आठवतो. ऑक्टोबरची उन्हं, पत्रा तापलेला, डिंकाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. दुकानाच्या गणपतीपुढे निरांजन. बाहेर रिक्षावाल्यांचा कालवा आणि आत मी आणि तेहतीस कोटी. कंपनीतला एक कामगार पाळी संपवून यायचा, गणवेशावरच, कागदात गुंडाळलेली दुर्गा छातीशी धरून. "भाभी, फ्रेम एकदम गोल्डन लगाना, माँ का है." त्याच्या दुर्गेचा सिंह इतका गरीब चेहऱ्याचा होता की महिषासुराची कीव यायच्या आधी त्याचीच यायची. एक नर्सबाई मेरी आणि बाळाचं चित्र घेऊन आल्या. परदेशातल्या कुठल्या तरी जुन्या चित्रकाराचं, छापलेलं. आईने बाळाचं एक पाऊल मुठीत धरलंय. त्या मुठीकडे बघून मी मनात म्हटलं, याच्या घरात तान्हं मूल होतं बरं का. नुसत्या कल्पनेने अशी मूठ काढता येत नाही.

कोणाची चित्रं, कुठल्या काळातली, कोणती शैली, मला काही ठाऊक नव्हतं. आजही फारसं नाही. एवढं मात्र लक्षात आलं की जुन्या चित्रांत चित्रकाराची सही असते ती अगदी खालच्या कोपऱ्यात, आणि फ्रेमची पट्टी बसवली की नेमकी तीच खाचेत जाते. मी एकदा दादांना विचारलं, सही दिसेल अशी बसवता येणार नाही का? ते म्हणाले, "देवाच्या पायाशीच हाय ना? मंग झालं तं."

अशा त्या गर्दीत एका दुपारी भानुमावशी आल्या. किनाऱ्यावरच्या नवापूरच्या. त्यांना मी ओळखत होते ते बाजारात बसतात म्हणून. पापलेट घ्यायची माझी ऐपत नाही हे माझ्या तोंडावरून ओळखून माझ्यापुढे थेट बोंबील सरकवणाऱ्या. त्या दिवशी टोपली नव्हती. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक चौकट होती.

चौकट कसली, तीन बाजू उरल्या होत्या. काच कधीच गेलेली. आत लक्ष्मी. तळ्यात कमळावर उभी असलेली, मागे हत्ती. जुन्या तैलचित्रांवरून छापून, वरून वॉर्निश मारून पूर्वी घरोघर गेलेली असायची, त्यांतली एक. पण ते सगळं अंदाजाने. कारण देवीला चेहराच नव्हता. काच नसल्यामुळे कागदावर थेट कुंकू लागत गेलेलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसता जाड पोपडा. वर लाल, कडेला तपकिरी, आत जवळजवळ काळा. त्याला नाकासारखा उंचवटासुद्धा आला होता.

"माजी महालक्ष्मी हाय," मावशी म्हणाल्या. "सासूची होती. आता पोरानं स्लॅबचं घर बांदलं. दसऱ्याला घरात शिरायचं. तो बोलतो, आय, असला काळा फोटो नव्या भिंतीवर नको, दसऱ्याच्या सकाळी समुद्रात सोडू. मी बोलली, फ्रेम करून आनते, मंग बग. चांगली दिसली तं ठेव, नायतर सोड." मग माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाल्या, "बाय, चांगली दिसली पायजे ग."

दादा माकुणसारला. दसऱ्याला नऊ-दहा दिवस. मी म्हटलं, काळजी करू नका मावशी.

आता खरं सांगायचं तर मावशींचं काम करायचं म्हणून मी सुरुवात केली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. मला तो चेहरा बघायचा होता. बाकीचं चित्र इतकं देखणं होतं की माझे हात शिवशिवायला लागले. साडीची घडी घोट्याशी कशी पडली होती! पाण्यात पदराचा लाल रंग हलत होता. हाताची बोटं मोजली. पाचच होती, आणि करंगळी जरा वाकडी, जशी खऱ्या बाईची असते. हे सगळं ज्याने काढलं त्याने चेहरा कसा काढला असेल? खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि नखाने एक कडा उचलून बघितली. वॉर्निशमुळे पोपडा कागदाला चिकटला नव्हता. खपलीसारखा सुटून आला.

तीन दुपारी मी तेच केलं. नख, बांबूची बारीक कामटी, कोरडा कापूस. गिऱ्हाईक आलं की चित्रावर पुठ्ठा झाकायचा. पहिल्या दिवशी हनुवटी निघाली. दुसऱ्या दिवशी ओठ. तिसऱ्या दिवशी दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, डावा डोळा निघाला आणि मी स्टुलावर मागे टेकून बसले.

ती माझ्याकडे बघत नव्हती. बहुतेक देव बघणाऱ्याकडे बघतात. हिची पापणी अर्धी खाली होती आणि बुबुळात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. ओठ मिटलेले, पण डावा कोपरा किंचित आत ओढलेला. हसू आलंय आणि चारचौघांत ते दाबलंय, असा. डावी भुवई उजवीपेक्षा केसभर वर. कपाळावर मात्र लालसर डाग राहिला होता, तो काही निघाला नाही. मी कितीतरी वेळ बघत बसले. कोणी तरी शंभर वर्षांपूर्वी एका बाईला समोर उभं केलं, तिला हसू आलं, तिने ते दाबलं, आणि ते दाबलेलं हसू इतकी वर्षं कुंकवाखाली तसंच राहिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन शेजारच्या टपरीवरून चहा मागवला आणि एकटीनेच प्यायले.

त्या आनंदात मी चित्राला नवी पाठ लावली, सोनेरी पट्टी निवडली, काच बसवली. खरवडलेलं सगळं सवयीने पुडीत बांधून खणात टाकलं.

अष्टमीला मावशी आल्या. नवी हिरवी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. मी फ्रेम त्यांच्यासमोर उभी केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. शाबासकीची वाट बघत, दुसरं काय.

मावशींनी चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा चित्राकडे.

"ही कोन?"

"मावशी, तुमचीच लक्ष्मी. कुंकवाखाली बघा किती सुंदर..."

"माजी आय कुटं हाय?"

मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात त्या ओरडल्या की मटणवालेसुद्धा गप्प बसतात. पण त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

"लगीन होऊन आली ना मी, तवापासून बोट लावते. सासू लावायची त्याच्या आदी. बोटाखाली नाक लागायचं तिचं. अंधारात पन मी तिला हात लावून वळखायची. होड्या वादळात होत्या तवा मी तिच्या तोंडावर हात ठेवून बसलेली." मग म्हणाल्या, "आता पोरगा हिला घरात घेईल. चांगली दिसते. पन माजी तं गेली."

वडिलांचं म्हणणं आठवलं, टक लावून बघायचं नसतं. मी नुसतं बघितलं नव्हतं. बघण्याच्या हावेपोटी एका बाईची देवी तिच्या बोटांखालून काढून घेतली होती, आणि वर शाबासकीची वाट बघत उभी होते.

मग पुडी आठवली. मी खण उघडला. गंजक्या चुका, दोरीचा तुकडा आणि दोन मुठी लालकाळा चुरा. मी ती पुडी मावशींच्या मांडीवर उघडली. म्हटलं, "एक कणही फेकलेला नाही, मावशी."

मावशींनी चुरा नाकाशी नेला. मग बोटाने चाळायला लागल्या, तांदूळ निवडतात तसा. काळे पापुद्रे एकीकडे, लाल एकीकडे.

"ह्ये काळं सासूचं. तिच्या हातचं. ह्ये लाल माजं." आणि मग आवाज जरा मोकळा झाला. "तेल हाय काय ग?"

निरांजनातलं तेल दिलं. मी काच काढली. मावशींनी तळहातावर काळ्याचा एक पापुद्रा आणि लालचा एक पापुद्रा घेऊन तेलात कालवला, बोट भरलं, आणि चित्राजवळ नेऊन थांबल्या. बोटाला नाक सापडत नव्हतं ना, म्हणून त्यांना बघावं लागलं. त्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट बघितलं ते तेव्हाच पहिल्यांदा. खूप वेळ. मग कपाळावरच्या लालसर डागावर बोट टेकवलं.

उरलेली पुडी कनवटीला लावली. "रोज थोडं थोडं लावीन," म्हणाल्या. "येईल परत."

एवढ्यात दादा आले. डोक्यात भाताच्या पेंढ्याच्या काड्या, पायाला सुकलेला चिखल. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी आधी मावशींकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग माझ्याकडे.

"बगितलंत? भरलं मन?"

खोटं बोलायला हवं होतं. पण म्हटलं, "हो."

चूक झाली होती, त्याची लाज वाटत होती, आणि तरी तो चेहरा बघायला मिळाल्याचा आनंद आत कुठे तरी शाबूत होता. दोन्ही एकदम. त्यातलं कुठलंही एक दुसऱ्याला हटवत नव्हतं. अजूनही हटवत नाही.

अडचण काचेची होती. काच नसली तर पोरगा म्हणणार, अर्धवट काम. काच असली तर मावशी बोट कुठे लावणार? दादा म्हणाले, तासभर बसा. सागाच्या पट्ट्या कापून त्यांनी चार बोटं खोल पेटी केली, तिला काचेचं दार, बारीक बिजागऱ्या आणि पितळी कडी. लक्ष्मी आत. दार लावलं की फ्रेम, उघडलं की देवी. मावशींनी कडी चार वेळा काढून-घालून बघितली आणि पहिल्यांदा हसल्या. दसऱ्याला ती पेटी नव्या घरात, नव्या भिंतीवर गेली. पोराने खिळा स्वतः ठोकला, असं मावशींनी नंतर बाजारात मला बोंबलांबरोबर सांगितलं. त्या दिवशी दोन बोंबील जास्त घातले होते.

मध्यंतरी मुलगी मुंबईत नोकरीला लागली. तिने मला एका प्रदर्शनाला नेलं. जुन्या चित्रकारांची मूळ तैलचित्रं. थंडगार दालन, चित्रांपुढे दोरी, माणसं हात मागे बांधून हळू चाललेली. आणि तिथे अचानक तीच लक्ष्मी. तेच तळं, तेच हत्ती, अंगाने चांगली दुप्पट. मी धावलेच. ओठांचा कोपरा बघितला. सरळ होता. ठिपका होता, भुवई होती, साडी तर काय वर्णावी, पण दाबलेलं हसू नव्हतं. म्हणजे ते मोठ्या चित्रकाराचं नव्हतंच. छापखान्यात छपाईसाठी ते चित्र आधी हाताने दगडावर उतरवणारा कोणी तरी कारागीर होता, ज्याची सही कोपऱ्यातसुद्धा नसते. त्याचा हात तेवढा हलला, किंवा त्याला तशीच कोणी आठवली. मूळ चित्र थोरच, माझं काय जातंय म्हणायला. पण मला आमची नवापूरची जास्त आवडली. मुलगी म्हणाली, "आई, तू पाया पडतेयस की काय?" मी म्हटलं, नाही ग, ओळखीचं कोणी दिसतंय का बघतेय.

त्या वर्षापासून दरवर्षी दसऱ्याला मी नवापूरला जाते. आपट्याची पानं द्यायला, असं घरी सांगते. मावशी कडी काढून दार उघडतात आणि चुलीवर चहा ठेवायला जातात. मला एकटीला बघू देतात. पहिल्या वर्षी कपाळ लाल झालं होतं. पुढच्या वर्षी उजवी भुवई गेली. मग उजवा डोळा, मग नाक, आणि नाकावर पुन्हा उंचवटा यायला लागला. जुनी पुडी केव्हाच संपली, आता नवं कुंकू. पहिली दोन वर्षं माझा जीव हळहळायचा. चंद्राला लागत जाणारं ग्रहण बघावं तशी मी बघायची. नंतर हळहळ गेली. काय काय झाकलं गेलंय ते मला पाठ होतंच की.

यंदा दसऱ्यापर्यंत थांबले नाही. परवा मावशींच्या सुनेचा फोन आला. "आईंचा हात थरथरतो हो आता. घट बसायच्या आदी तुमाला बोलवलंय." काल गेले. अंगणात बांबूच्या वालांडीवर बोंबील वाळत घातलेले, पलीकडे ओहोटी. मावशी पलंगावर बसून होत्या. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलाय. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "बोंबील खाणारी आली."

पेटी काढून मी त्यांच्या मांडीवर ठेवली, दार उघडलं. त्यांनी तळहात देवीच्या तोंडावर ठेवला. नाक सापडलं. चेहरा निवळला. मग बोटं डाव्या बाजूला सरकली, तिथे कागद गुळगुळीत लागला.

"इथं राहिलं काय?"

"हो. डावा डोळा आणि ओठांचा कोपरा."

मावशी म्हणाल्या, "तू बगितलंस ना तिला पुरी? मी त्या दिवशी रागात होती, मंग डोळ्यांवर पडदा आला, मला काय आठवत नाय. कशी हाय ग ती?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. पापणी अर्धी खाली. डोळ्यात पांढरा ठिपका. डावी भुवई केसभर वर. ओठ मिटलेले, पण कोपरा आत ओढलेला.

"हसते?"

"हसते. पण दाखवत नाही."

मावशींचा हात चित्रावर थांबला. "सासू बोलायची. बोलायची, आय हसते, तुला दिसत नाय. मला वाटायचं, म्हातारी माजी मस्करी करते." त्यांचे पिकलेले डोळे ओले झाले, तोंड मात्र हसत होतं. "मंग तीच हाय ग. माजीच."

त्यांनी उशाचा करंडा चाचपून माझ्या हातात दिला. "लाव. तुज्या हातानं. आय कोरडी राहिली इथं."

मी बोट भरलं. एकदा नीट बघून घेतलं, तो ठिपका, तो कोपरा. मग बोट टेकवलं. आधी ओठांवर, मग डोळ्यावर. कागद बोटाखाली थोडा दबला आणि लाल झाला. मी तशीच उभी राहून हात जोडले.

"चांगली दिसते?" मावशींनी विचारलं.

"चांगली दिसते," मी म्हणाले.